जायरोकॉप्टर शिकायचंय? आधी रोटर शिका

इंजिन हवेत बंद पडलं तर? जायरोकॉप्टर शिकायला जातोय असं सांगितलं की पहिला प्रश्न हाच येतो, मग फोनवर पुण्यातली आई असो की डॅलसमधला शेजारी. याचं उत्तर तसं सोपं आहे: रोटर, म्हणजे डोक्यावरची फिरती पाती, फिरत राहतो, यंत्र उतरत जातं आणि शिकलेला माणूस ते टेनिस कोर्टाएवढ्या जागेतही टेकवू शकतो. ज्यांना खरोखर भ्यावं त्या गोष्टी मात्र कुणी विचारत नाही. जमिनीवर रोटरने वेग घ्यायच्या आत यंत्र पळवणं, हवेत स्टिक, म्हणजे हातातला नियंत्रणाचा दांडा, जोरात पुढे ढकलणं, आणि जमिनीजवळ नको तितकं हळू उडणं. जायरोचा घात बहुधा याच वाटांनी होतो आणि तिन्ही वाटा रोटरपाशी येऊन मिळतात. म्हणून या लेखात कागदपत्रं आणि खर्च आहेतच, पण जास्त जागा रोटरला दिली आहे.

लेख लिहिलाय तो अमेरिकेत राहून शून्यापासून सुरुवात करणाऱ्यांसाठी, स्पोर्ट पायलट लायसन्स (छोटी यंत्रं हौसेने उडवण्याचं लायसन्स) डोळ्यासमोर ठेवून. ब्रिटन, जर्मनी, भारत, सगळीकडचे नियम वेगळे आहेत. रोटर सगळीकडे सारखाच.

यंत्र समजून घ्या

हेलिकॉप्टरचा रोटर इंजिन फिरवतं. जायरोचा रोटर उड्डाण चालू असताना इंजिनाला जोडलेलाच नसतो. इंजिन मागचा पंखा फिरवतं, तो यंत्राला पुढे ढकलतो. डोक्यावरचा रोटर किंचित मागे कललेला असतो, त्यामुळे समोरून येणारी हवा त्याच्यातून खालून वर जाते आणि पाती आपोआप फिरत राहतात, जत्रेतलं भिरभिरं वाऱ्यासमोर धरल्यावर फिरतं तशी. याला ऑटोरोटेशन म्हणतात. इंजिन बंद पडल्यावर हेलिकॉप्टर ज्या अवस्थेत उतरतं, त्या अवस्थेत जायरो पहिल्यापासूनच उडत असतं.

हे डोकं चालवलं स्पेनच्या ह्वान दे ला सिएर्वाने. १९१९ मध्ये त्याचं तीन इंजिनांचं विमान वेग कमी झाल्यामुळे स्टॉल होऊन, म्हणजे पंखांचा उचल एकदम जाऊन, पडलं. हळू उडालं तरी न कोसळणारं यंत्र बनवायचं, हे त्याने तेव्हापासून मनावर घेतलं. त्याचे पहिले प्रयोग एका बाजूला कलंडत, कारण पुढे जाणाऱ्या पात्याला जास्त वारा मिळतो आणि मागे येणाऱ्याला कमी. त्याने पाती बिजागरीवर बसवली. जास्त वारा मिळणारं पातं वर उचललं जाऊ लागलं, कमी मिळणारं खाली येऊ लागलं आणि दोन्ही बाजूंचा उचल सारखा झाला. जानेवारी १९२३ मध्ये माद्रिदजवळ त्याचं यंत्र नीट उडालं. आजच्या दोन पात्यांच्या जायरोत दोन्ही पाती मधल्या एका बोल्टवर सी-सॉसारखी झुलतात. तो टीटर बोल्ट रोज उड्डाणाआधी हाताने तपासायचा असतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. रोटर फिरत राहतो, कारण त्याच्याखाली तुमचं वजन लटकलेलं आहे. वजन आहे म्हणून हवा खालून वर रेटली जाते. वळणावर वजन वाढल्यासारखं होतं तेव्हा रोटरचे फेरे वाढतात. उलट तुम्ही स्टिक झटकन पुढे लोटली आणि क्षणभर सीटवरून उचलले गेलात, तर रोटरवरचा भार जातो. मग त्याचे फेरे झपाट्याने घटतात आणि पाती शेपटीवर किंवा पंख्यावर आदळू शकतात. त्यातून सावरता येत नाही. ज्या यंत्रात पंख्याचा रेटा गुरुत्वमध्याच्या बराच वरून जातो, त्यात हा धोका जास्त. एरवी रोटरचा मागे ओढणारा जोर त्या रेट्याला तोलून धरतो. भार गेला की तो जोरही जातो आणि पंखा यंत्राला नाकावर उलटवतो.

इगोर बेन्सेनने १९५० च्या दशकात घरी बांधता येणाऱ्या एका सीटच्या जायरोचे नकाशे विकायला सुरुवात केली आणि हा छंद अमेरिकेत घरोघरी पोचला. अनेकांनी गॅरेजमध्ये यंत्र बांधलं आणि एकेकट्यानेच उडायला शिकायचा प्रयत्न केला. जायरोचं नाव खराब झालं ते बरंचसं त्या काळात. पुढे ब्रिटनमध्ये ग्लासगो विद्यापीठाने या स्थैर्याचा अभ्यास केला. पंख्याचा रेटा आणि गुरुत्वमध्य यांतलं उभं अंतर दोन इंचांच्या आत असावं, असं त्यातून पुढे आलं. आजच्या कारखान्यात बनलेल्या जायरोंना मागे मोठी आडवी शेपटीही असते. त्यामुळे ती बरीच शांत उडतात, पण स्टिक झटक्याने पुढे न ढकलायचा नियम त्यांनाही सुटलेला नाही.

इन्स्ट्रक्टर शोधा, यंत्र नंतर

बहुतेक लोक उलट करतात. आधी यंत्राच्या जाहिराती बघतात, मग शिकवणारा शोधतात. अमेरिकेत जायरो शिकवणारे मोजके आहेत, आणि सेसनासारखं छोटं विमान शिकवणाऱ्याकडे जायरोचं रेटिंग नसेल तर तो तुम्हाला जायरो शिकवू शकत नाही. घरापासून तीन-चार तासांवर कुणी सापडलं तरी नशीब समजा.

शोधायची चांगली जागा म्हणजे मेळावे. फ्लोरिडात वॉचुला इथे वसंतात बेन्सेन डेज भरतात. पॉप्युलर रोटरक्राफ्ट असोसिएशन या बेन्सेननेच सुरू केलेल्या संस्थेचा मेळावा इंडियानातल्या मेंटोनला होतो. तिथे दिवसभर खुर्ची टाकून बसलं तरी बरंच कळतं: कोण उतरताना घाई करतो, कोण दहा मिनिटं यंत्राभोवती फिरून मगच बसतो. मला विचाराल तर दुसऱ्या प्रकारच्या माणसाकडे शिका.

पैसे भरण्याआधी एक ट्रायल फ्लाइट घ्या आणि काही गोष्टी सरळ विचारा. पहिले काही तास जमिनीवर रोटर हाताळायला देणार का? इंजिन बंद करून उतरण्याचा सराव किती वेळा होतो? वारा असेल तर धडा रद्द होतो, की वाऱ्यातलंही शिकवतात? "तुम्हाला वीस तासांत तयार करतो" असं कुणी पहिल्याच भेटीत म्हटलं, तर हात जोडून निघावं.

शिकायची यंत्रं दोन सीटची असतात. एम-टी-ओ-स्पोर्ट किंवा माग्नी एम-१६ यांत सीट पुढेमागे आणि कॉकपिट उघडा. कॅव्हलॉन किंवा माग्नी एम-२४ यांत दोघं शेजारी-शेजारी, बंद केबिनमध्ये. उघड्या यंत्रात वारा तोंडावर येतो आणि वेगाचा अंदाज कानाने लागतो, ते मला शिकायला बरं वाटतं. पण पुढे जे यंत्र उडवायचं असेल त्याच जातीच्या यंत्रावर शिकणं केव्हाही सोयीचं.

कागदपत्रं

अमेरिकन नागरिक नसाल, म्हणजे एच-१-बी वर असाल किंवा ग्रीन कार्डवर, तर प्रशिक्षणाआधी टी-एस-ए (अमेरिकेची वाहतूक सुरक्षा संस्था) ची सुरक्षा तपासणी लागते. बोटांचे ठसे, फी आणि मंजुरीची वाट. निव्वळ ट्रायल फ्लाइटला ती लागत नाही. आपल्यातले बरेच जण इथेच अडकतात, कारण इन्स्ट्रक्टरलाही ही प्रक्रिया माहीत असतेच असं नाही. पहिल्याच फोनवर विषय काढा. व्हिसाबद्दल शंका असेल तर आपल्या वकिलाला विचारा, हँगरमधल्या मित्राला नको.

वैद्यकीय बाजू त्यामानाने सोपी आहे. स्पोर्ट पायलटला अमेरिकेचं वैध ड्रायव्हिंग लायसन्स चालतं. मात्र एफ-ए-ए (अमेरिकेची विमानवाहतूक नियामक संस्था) च्या मेडिकलसाठी आधी अर्ज केला असेल आणि तो नाकारला गेला असेल, तर ही सवलत मिळत नाही. शंका असेल तर उगाच अर्ज टाकण्याआधी विमानवाहतुकीच्या डॉक्टरशी नुसतं बोलून घ्या. आणि ड्रायव्हिंग लायसन्स खिशात असलं तरी मधुमेहाच्या गोळ्या, झोप, डोळे यांचा हिशोब स्वतःलाच ठेवायचा असतो.

विद्यार्थी पायलटचं प्रमाणपत्र वयाच्या सोळाव्या वर्षी मिळतं, स्पोर्ट पायलटचं सतराव्या. विद्यार्थी प्रमाणपत्राशिवाय एकट्याने उडता येत नाही आणि ते यायला काही आठवडे लागतात. पहिल्याच आठवड्यात अर्ज करून ठेवा.

लायसन्ससाठी किमान २० तास उड्डाण हवं. त्यातले १५ इन्स्ट्रक्टरबरोबर, ५ एकट्याने. इन्स्ट्रक्टरबरोबर २ तास एका ठिकाणाहून दुसरीकडे जाण्याचे, पूर्ण थांबेपर्यंतचे १० टेकऑफ-लँडिंग, आणि एकट्याने एकूण ५० नॉटिकल मैलांचा प्रवास, ज्यातला एक टप्पा निदान २५ मैलांचा हवा. शिवाय परीक्षेच्या तयारीचे २ तास, परीक्षेआधीच्या दोन महिन्यांतले. लेखी परीक्षेत ४० प्रश्न, दोन तास, पास व्हायला ७० टक्के. आपल्याकडच्या इंजिनिअरला लेखीचं काही वाटत नाही. पण हवामान आणि हवाई क्षेत्राचे नकाशे घोकून येत नाहीत, त्यांना वेळ द्या.

आणि २० तास ही कायद्याची किमान रेषा आहे. कधीच काही न उडवलेल्या माणसाने ३० ते ४० धरावेत. तासाला यंत्र आणि इन्स्ट्रक्टर मिळून अडीचशे-तीनशे डॉलर धरले, परीक्षकाची फी, हेडसेट, हॉटेल आणि पेट्रोल जोडलं, तर दहा-बारा हजार डॉलर बाजूला काढूनच सुरुवात करावी. पैसे संपले म्हणून मध्ये दोन महिने थांबलात, तर परतल्यावर दोन-तीन धडे जुनंच आठवण्यात जातात.

पहिले धडे: हात हलका करा

स्टिक रोटरची चकती कलवते, पेडल मागचा रडर, म्हणजे शेपटीवरचं सुकाणू, फिरवतात, थ्रॉटल इंजिनाची ताकद कमीजास्त करतो. एवढीच तीन साधनं. तरीही पहिल्या तासात जवळजवळ प्रत्येक जण हवेत डोलतो, कारण रोटर स्टिकचं ऐकतो पण क्षणभर उशिरा. तुम्ही स्टिक मागे घेता, काही होत नाही असं वाटतं, अजून मागे घेता. तोवर पहिला हुकूम पोचलेला असतो आणि नाक नको तितकं वर जातं. घाबरून पुढे लोटता. पुढची उसळी आणखी मोठी. हे वाढत गेलं की तेच ते जीवघेणं पुढे ढकलणं होतं.

उपाय पहिल्या दिवसापासून हातात बसवायचा: उसळ्या सुरू झाल्या की थ्रॉटल कमी करा, स्टिक किंचित मागच्या बाजूला स्थिर धरा आणि थांबा. उसळीचा पाठलाग करू नका. कोपर किंवा मनगट मांडीवर टेकवा, स्टिक अंगठा आणि दोन बोटांनी धरा. मूठ आवळलेली दिसली की इन्स्ट्रक्टर बोलतोच. नजर क्षितिजावर हवी, वेगाच्या काट्यावर नव्हे. काटा उशिरा हलतो, क्षितिज लगेच.

पहिले धडे सकाळी लवकर घ्या. टेक्सास किंवा ॲरिझोनात दुपारी जमीन तापली की हवा उकळते, आणि जायरो वाऱ्यात विमानापेक्षा कितीही शांत असलं तरी नवशिक्याला आपली चूक कोणती आणि हवेची कोणती हे कळत नाही. गरम पातळ हवेत टेकऑफची धावही लांबते.

एक गोष्ट हँगरमध्येच शिकून घ्या: खिसे रिकामे करणं. उघड्या यंत्रात पंखा तुमच्या पाठीमागे असतो. टोपी, मोबाइल, चष्म्याचं कव्हर, जे काही सुटेल ते सरळ पंख्यात जातं. चेन असलेले खिसे, घट्ट पट्टा असलेला चष्मा, आणि गळ्यात काहीही लोंबणारं नको. हौसेने फोटो काढायला सोबत आलेल्या पाहुण्यालाही हेच सांगायचं, बसायच्या आधी.

जमिनीवरचा रोटर

माझ्या मते पूर्ण प्रशिक्षणात सगळ्यात जास्त वेळ इथे जायला हवा, आणि सगळ्यात कमी तोच दिला जातो, कारण जमिनीवर रांगण्याचे पैसे द्यायला कुणाला आवडत नाही.

साडेआठ मीटरच्या आतबाहेर व्यासाचा रोटर उड्डाणात मिनिटाला ३०० ते ४०० फेरे घेतो. ८.४ मीटरचा रोटर ३४० फेऱ्यांवर असताना पात्याचं टोक ताशी सुमारे ५४० किलोमीटरने जातं. यंत्र ताशी ५० ने पुढे जात असेल, तर मागे येणाऱ्या पात्याच्या टोकाला ५४० उणे ५० इतका वारा मिळतो. भरपूर. आता हाच रोटर ६० फेऱ्यांवर रेंगाळतोय आणि तुम्ही धावपट्टीवर ताशी ५० ने निघालात असं समजा. टोकाचा वेग आहे जेमतेम ९५. म्हणजे मागे येणाऱ्या पात्याच्या मुळापासून अर्ध्या लांबीपर्यंत वारा उलट्या दिशेने वाहतोय. ते पातं उचल देणं सोडून देतं, समोरचं मात्र वर उसळतं. पाती वरखाली आपटू लागतात आणि त्यांचं झुलणं रोखणाऱ्या अडथळ्यांवर आदळतात. कधी शेपटी तुटते, कधी यंत्र आडवं होतं. याला फ्लॅपिंग म्हणतात. ते होण्याआधी स्टिक हातात थडथडायला लागते. ती थडथड जाणवली की थ्रॉटल बंद, स्टिक हळू पुढे, आणि यंत्राला आपोआप मंद होऊ द्यायचं. "अजून थोडा वेग घेतला की बसेल" असं वाटणं साहजिक आहे आणि त्यानेच यंत्रं मोडतात.

म्हणून धावण्याआधी रोटरला प्री-रोटेटरने वेग देतात, म्हणजे जमिनीवर असताना तेवढ्यापुरता तो इंजिनाला जोडतात. एम-टी-ओ-स्पोर्टवर क्रम साधारण असा. वाऱ्याकडे तोंड करून धावपट्टीवर उभे राहा, ब्रेक दाबून धरा, स्टिक पूर्ण पुढे. स्टिकवरचं बटण दाबलं की क्लच लागतो आणि डोक्यावर पाती संथ फिरू लागतात. यंत्र हलकेच डोलायला लागतं. फेरे ११० च्या आसपास स्थिरावले की थ्रॉटल अगदी सावकाश वाढवा. घाई केली तर क्लच घसरतो आणि त्याची झीज होते. २०० फेरे झाले, २२० च्या वर नाही, की बटण सोडा. स्टिक सलगपणे पूर्ण मागे, तिला सेकंदभर द्या. मग ब्रेक सोडा. थ्रॉटल अजून वाढवायचा नाही. यंत्र पुढे सरकू लागलं, वारा रोटरमध्ये शिरला आणि फेरे चढताना दिसले की मगच थ्रॉटल टेकऑफपर्यंत न्या.

बटण सोडल्यापासून वेग घेईपर्यंतचे ते सेकंद म्हणजे परीक्षा. धावपट्टीवर मागून कुणी येत असेल, रेडिओवर कुणी बोलत असेल, तरी क्रम तोडायचा नाही. मध्ये अडखळलात, फेरे घसरले, तर थ्रॉटल बंद करून पहिल्यापासून. लाज वाटायचं कारण नाही. जुने लोकही करतात. इतर जायरोंत प्री-रोटेटर हाताच्या लिव्हरने चालतो आणि आकडे वेगळे असतात, तेव्हा त्या त्या यंत्राची पुस्तिका पाठ हवी.

उतरल्यानंतरही रोटर जिवंत असतो. चाकं टेकली, यंत्र थांबलं, तरी डोक्यावर अजून दोन-अडीचशे फेरे चालू असतात आणि त्यात यंत्राला कलंडवण्याइतका उचल असतो. आडवा वारा असताना घाईने वळून टॅक्सीवे पकडायला गेलं, तर जायरो बाजूला पडतं. अशा पडण्यात जीव सहसा जात नाही, पण पाती, पंखा आणि कदाचित इंजिनही जातं. वाऱ्याकडे तोंड ठेवून थांबा, स्टिक पुढे घ्या, फेरे उतरू द्या, मग ब्रेक. मागचा सेसनावाला थांबेल.

टेकऑफ आणि लँडिंग

धावताना स्टिक मागे असल्यामुळे पुढचं चाक आधी उचललं जातं. त्याच क्षणी स्टिक थोडी पुढे आणून चाक जमिनीपासून वीतभर उंचीवर तोलून धरायचं. नवखा इथे दोनपैकी एक करतो: स्टिक मागेच ठेवतो आणि यंत्र हळू वेगात नाक वर करून उडी मारतं, किंवा घाबरून चाक परत खाली आपटतो. तोलून धरलं तर यंत्र स्वतःहून उचलतं. उचलल्यावर लगेच चढू नका. जमिनीपासून थोड्याच उंचीवर सरळ जाऊन ताशी ६० मैलांच्या आसपास वेग घ्या, मग चढा.

कारण जायरो स्टॉल होत नाही हे खरं, पण ठरावीक वेगाखाली गेलं की उंची टिकवायला जास्त शक्ती लागते, आणि त्याहून हळू गेलात तर पूर्ण शक्तीही पुरत नाही. हजार-दोन हजार फुटांवर हे मुद्दाम करून बघायला मजा येते. स्टिक मागे घेत जा, वेग शून्याकडे येतो, यंत्र सरळ खाली उतरू लागतं, रोटर शांतपणे फिरत राहतो. नाक हळूच खाली करून वेग घेतला की पुन्हा उडायला लागतं. पण त्यात बरीच उंची खर्च होते. हेच पन्नास-शंभर फुटांवर झालं तर खर्चायला उंचीच नसते. ओळखीच्या घरावरून हात हलवत हळू वळसा घालण्याची हौस म्हणूनच महागात पडते.

लँडिंगला जायरो दगडासारखं येतं असं विमानवाल्यांना वाटतं, आणि त्यात तथ्य आहे. इंजिन बंद असताना १००० फुटांवरून ते जेमतेम किलोमीटरभर पुढे जाऊ शकतं. छोटं विमान त्याच्या अडीच-तीनपट जाईल. म्हणून उडताना खाली बघायची सवय लावा: आत्ता बंद पडलं तर कुठे? शेत नेहमी जवळचं निवडा. उतरताना ताशी ६० मैल टिकवा, हा वेगच शेवटी यंत्राला सावरायला उपयोगी पडतो. जमीन जवळ आली की उतार मोडा, जमिनीलगत तरंगत वेग जाऊ द्या, स्टिक थोडी-थोडी मागे. नीट जमलं तर चाकं टेकतात तेव्हा यंत्र पाच-दहा मीटरमध्ये थांबतं.

अनेक यंत्रांत पुढचं चाक पेडलना जोडलेलं असतं. आडव्या वाऱ्यात एक पेडल दाबून सरळ आलात आणि तसंच चाक टेकवलं, तर यंत्र झटकन त्या बाजूला वळतं. पुढचं चाक टेकताना पेडल मधोमध.

विमान आधीच येत असेल तर

तुमचे तास कमी लागतील, तुमच्या सवयी जास्त नडतील. विमानात वेग कमी झाला की स्टिक पुढे, हे शरीरात मुरलेलं असतं. जायरोत तीच प्रतिक्रिया झटक्याने आली तर रोटरवरचा भार जातो. अचानक इंजिन बंद पडलं तरी नाक हळूच खाली. विमानात लागलेली धावपट्टीवर बसल्या-बसल्या घाई करण्याची सवयही सोडावी लागते. लायसन्स आधीच असलेल्यांना लेखी परीक्षा न देता दुसऱ्या इन्स्ट्रक्टरच्या तपासणीतून जायरोचा हक्क जोडता येतो. मार्ग छोटा आहे, म्हणून जमिनीवरचे तास त्यातून गाळू नका.

एकट्याने, आणि पुढे

पहिल्या एकट्या उड्डाणाला यंत्र बरंच हलकं होतं. दुसरी सीट रिकामी असते, रोटरचे फेरे नेहमीपेक्षा कमी दिसतात, जायरो लवकर उचलतं आणि जास्त वेगाने चढतं. हे आधी माहीत नसेल तर माणूस दचकतो. इन्स्ट्रक्टर सहसा शांत वाऱ्याचा दिवस निवडतो. तुम्हीही आग्रह धरा.

परीक्षा घेणारे जायरोचे परीक्षक अमेरिकेत फार कमी आहेत. तारीख मिळवण्यात महिना-दोन महिने जाऊ शकतात, कधी परीक्षकाच्या गावी यंत्र न्यावं लागतं. तयारीचे ते दोन तास दोन महिन्यांच्या आत हवेत हे लक्षात ठेवून इन्स्ट्रक्टरशी आधीच बोला. सप्टेंबरमध्ये हवा छान असते, पण मंडळाचा गणपतीही तेव्हाच असतो. कार्यक्रमाचं संयोजन अंगावर घेतलं असेल तर परीक्षा ऑक्टोबरात ठेवा.

लायसन्स हाती आल्यावर एक प्रवासी नेता येतो, पैसे घेऊन नाही. टॉवर असलेल्या विमानतळांवर जायला वेगळं प्रशिक्षण आणि सही लागते. नवं दोन सीटचं यंत्र लाखभर डॉलरच्या घरात आणि पुढे जातं, म्हणून नजर एका सीटच्या स्वस्त यंत्राकडे वळते. रिकाम्या वजनाने २५४ पौंडांच्या आतलं आणि पाच गॅलन इंधनाचं अल्ट्रालाइट असेल, तर अमेरिकेत त्याला लायसन्सही लागत नाही. याच पळवाटेमुळे काही जण इन्स्ट्रक्टर गाळून थेट असं यंत्र विकत घेतात. कायद्याने ते चालतं. पण एका सीटच्या हलक्या यंत्राचा हात आणखी नाजूक असतो, आणि त्यात चूक दाखवायला मागे कुणी बसलेलं नसतं. घ्यायचंच असेल तर लायसन्सनंतर घ्या. आडवी शेपटी आहे का आणि पंख्याचा रेटा गुरुत्वमध्याजवळून जातो का, हे जाणकाराकडून मोजून घ्या. आणि पैसे देण्याआधी पात्यांच्या जोडणीची नोंदवही मागा. पाती कधी कशाला लागली आहेत का, किती तास चालली आहेत, हे विकणाऱ्याला सांगता येत नसेल, तर त्या किमतीत नव्या पात्यांचा खर्च धरा.